लक्ष्मीबाई नगरात आलेलं नॉर्वेचं वादळ

मित्रांनो, हसायचं असेल तर आधीच पोटभर हसून घ्या, म्हणजे मला मधे मधे थांबावं लागणार नाही. मी पत्र्याचा कूलर आहे. जुना आहे, एका बाजूने गंजलोय, चालताना खडखडतो. आणि मी सिनेमात काम केलेलं आहे! साधंसुधं नाही, मी वादळ झालो होतो. तेही नॉर्वेचं. जिथे समुद्रावरून बर्फाचा वारा सुटतो म्हणे, तिथलं वादळ मी दिल्लीच्या मे महिन्यात एकट्याने उभं केलं. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांना हे खरं वाटणार नाही. नाही तर नाही. एसीला कोणी कधी सिनेमात घेतलंय का, ते विचारा त्यांना.

माझा जन्म दिल्लीतल्या कोटला मुबारकपूरच्या एका गल्लीतला. पत्रा कापला एकाने, पंखा बसवला दुसऱ्याने आणि आकाशी रंग फासला तिसऱ्याने, त्यामुळे माझा बाप नक्की कोण हे मला आजवर कळलेलं नाही. माझ्या तीन बाजूंना जाळी आणि जाळीत वाळ्याचं गवत. तिकडे त्याला खस म्हणतात. वाळा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो शांतारामांच्या घरी आल्यावर.

शांताराम म्हणजे एका मंत्रालयातले सेक्शन ऑफिसर. मूळचे साताऱ्याकडचे, राहायला लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. त्यांनी मला सायकल रिक्षावर घालून आणलं आणि बैठकीच्या खिडकीत लोखंडी स्टँडवर बसवलं. पाठ बाहेर उन्हात, तोंड आत घरात. त्यामुळे घरातलं सगळं मला दिसतं आणि सगळं ऐकू येतं. घरात माणसं तीन. शांताराम, त्यांची बायको अलकनंदा आणि मुलगी रुचिता.

काय कौतुक व्हायचं माझं! टाकी भरायला रुचिता पाइप घेऊन उभी असायची आणि निम्मं पाणी स्वतःच्या अंगावर घ्यायची. शेजारची पोरं येऊन माझ्या जाळीला तोंड लावून 'आऽऽऽ' करायची, आवाज कापरा झाला की खिदळायची. दुपारी लू, म्हणजे तिकडचा तो भाजून काढणारा वारा, सुटली की आल्यागेल्याला आधी माझ्यासमोरची खुर्ची मिळायची. "वा, काय हवा आहे! महाबळेश्वर!" असं पाहुण्यांनी म्हटलं की मी आणखी जोरात फिरायचो.

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही, कारण पुढची सगळी कथा तिच्यावरच आहे. माझा आवाज मोठा आहे. मोटारच तशी बसवलीय त्याला मी काय करू? मी सुरू झालो की घरात सगळ्यांना ओरडून बोलावं लागायचं. शांताराम ओरडायचे, रुचिता किंचाळायची. अलकनंदाला मात्र ओरडता यायचं नाही. तिचा आवाज मुळातच हळू. ती काही म्हणाली की शांताराम पेपरातून मान वर करून विचारायचे, "काय म्हणालीस?" आणि ती म्हणायची, "काही नाही. चहा घेणार का?" मित्रांनो, 'चहा घेणार का' हे मात्र त्यांना कसं ऐकू यायचं हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

अलकनंदा सांगलीची. रक्तातच नाटक. पण दिल्लीच्या मराठी मंडळाने तिला एकदाच पारखलं आणि निकाल देऊन टाकला, की हिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. तेव्हापासून दर गणेशोत्सवाच्या नाटकाला ती प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात बॅटरी, आणि अडलेल्याला पुढचं वाक्य हळूच सांगायचं. सगळ्यांच्या सगळ्या भूमिका तिला पाठ आणि स्वतःची एकही नाही. टाळ्यांच्या वेळी ती संहितेची पानं लावत असायची.

एका रविवारी दर्यागंजच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात तिला एक नाटक सापडलं. शंभर वर्षांपूर्वीचं, नॉर्वेमधलं, इंग्रजीत आलेलं. उन्हाळ्याच्या दुपारी घरात कोणी नसताना तिने ते माझ्यासमोर बसून मराठीत केलं. एकेक प्रवेश झाला की मोठ्याने वाचायची. म्हणजे तिच्या मानाने मोठ्याने. ऐकायला मी एकटा.

गोष्ट अशी होती. समुद्राकाठच्या गावात एक करारी व्यापारी असतो. मुलीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्याने तिला घराबाहेर काढलेलं असतं. तिचं नाव या घरात घ्यायचं नाही, असा त्याचा हुकूम. आई हुकूम पाळते. पुढे एका वादळी रात्री दारावर थाप पडते आणि हाक येते, "आई, दार उघड." बाप म्हणतो, वारा आहे. आई आवाज ओळखते आणि तरी गप्प बसते. सकाळी वादळ थांबतं, धाकटा मुलगा दार उघडतो, तर पायरीवर बहीण. थंडीने गेलेली. तेव्हा आई जन्मात पहिल्यांदा नवऱ्यासमोर तोंड उघडते. मी तर ऐकून आतून गार पडलो, आणि मला गार पडायचा चांगला सराव आहे.

शेवटचं ते आईचं बोलणं अलकनंदा वाचायची ना, तेव्हा संहितेकडे बघायचीच नाही. माझ्याकडे बघून बोलायची. एकदा वाचून झाल्यावर ती पुटपुटली, "हे काम मला करायचंय. एकदा तरी." त्याच संध्याकाळी शांताराम ऑफिसातून आले, माझ्यासमोर बसले, रुचिता शेजारी गृहपाठ करत होती, आणि अलकनंदा पदराला हात पुसत म्हणाली, "अहो, हे नाटक झालं तर आईचं काम मी करू का?"

"काय म्हणालीस?" शांताराम ओरडले.

"काही नाही. चहा घेणार का?"

मी सगळं ऐकलं होतं. पण मला कोण विचारतो!

ते दिवस मोठे धामधुमीचे होते, मित्रांनो. गच्चीवरून केबलची वायर आली आणि टीव्हीत अचानक इतकी चॅनेलं उगवली की रिमोट दाबून अंगठे दुखायचे. ऑफिसातले लोक डब्यासोबत नोएडाच्या फ्लॅटचे नकाशे उघडायचे. शांतारामांनीही एक फ्लॅट बुक केला होता आणि दर महिन्याला ते सगळ्यांना नोएडाला नेऊन मोकळ्या रानात उभे चार खांब दाखवून म्हणायचे, "हा आपला हॉल." त्याच नोएडात एक नवी चॅनेलवाली कंपनी आली आणि तिने वेगवेगळ्या भाषांतल्या हौशी टेलिफिल्मी मागवल्या.

ही बातमी आणली चंद्रप्रभाताईंनी. चंद्रप्रभाताई म्हणजे वरच्या मजल्यावरच्या, मंडळाच्या सेक्रेटरी आणि मंडळाची हुकमी नटी. आवाज असा की त्यांनी वरून हाक मारली तर खाली उभे असलेले स्कूटरवाले दचकायचे. "टेलिफिल्म करायची!" त्यांनी जाहीर केलं. "अलके, तुझं ते नॉर्वेचं काढ बाहेर. फक्त ते रत्नागिरीत आणू या. नऊवारी, समुद्र, सगळं आपलं."

"नको ना प्रभाताई," अलकनंदा म्हणाली. "रत्नागिरीत दारावर थाप पडली तर कोणीतरी उघडेलच हो. इथे बाहेर बर्फ आहे, दार उघडलं की थंडी आत येणार, म्हणून तर त्या आईबापाला वारा म्हणायला बरं पडतं. थंडी राहू दे."

तिचं म्हणणं सगळ्यांना पटलं. वा, छान, काय अभ्यास आहे, असं कौतुक झालं. मग कामं वाटली. बाप शांताराम. आई अर्थातच चंद्रप्रभाताई. मुलगी रुचिता. धाकटा मुलगा जयंत. हा जयंत लातूरकडचा, यूपीएससीच्या तयारीला आलेला आणि मेसच्या जेवणाला कंटाळून दर रविवारी आमच्याकडे पिठलं खायला येणारा. आणि अलकनंदा? सगळ्यांनी एकसुरात सांगितलं, "प्रॉम्प्टर!"

आता मित्रांनो, तुम्ही शहाणे आहात. सिनेमाच्या शूटिंगला प्रॉम्प्टर कशाला, असं तुमच्या मनात आलंच असेल. पण या मंडळींचा जन्म स्टेजवर गेलेला. आधी नटराजाची पूजा, मग नारळ, मग नांदी आणि विंगेत प्रॉम्प्टर, त्याशिवाय पडदा वर जात नाही. इथे विंग नव्हती म्हणून तिला कॅमेऱ्याच्या शेजारी स्टूल दिलं. इतकं चिकटून, की तिचं डोकं मधे येतंय म्हणून नरसिंह तिला सारखा खाली वाकायला सांगायचा.

नरसिंह हा कॅमेरावाला. नांदेडहून आलेला, लग्नांची शूटिंगं करणारा. त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "काका, आपल्याला नाटकातलं काही कळत नाय. आपण फोटो एकदम फर्स्टक्लास काढतो." आवाजाचं काय, असं त्याने विचारलं नाही आणि कुणी त्याला विचारलं नाही. लग्नाच्या कॅसेटवर नंतर वरून गाणीच टाकतात, त्यामुळे खालचा आवाज ऐकायची त्याला सवयच नव्हती.

आणि वादळ? वादळाची चर्चा निघाली, सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि रुचिताने माझ्याकडे बोट दाखवलं. "बाबा, अपना कूलर है ना!" त्या क्षणी माझ्या मोटारीला जे काही झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

काय सोहळा होता तो! बाहेर मे महिन्याची दुपार, आत नॉर्वेची रात्र. खिडक्यांवर रजया टांगल्या. टीव्हीवर चादर टाकून त्याचा खडक केला. विटा रचून आत लाल बल्ब ठेवला, ती शेकोटी. ट्रंकेतून स्वेटर, कोट, मफलर निघाले आणि सगळ्या नॉर्वेला डांबराच्या गोळ्यांचा वास आला. शांतारामांना मंकी कॅप घालायची होती. रुचिता रडायच्या बेताला आली. "बाबा, प्लीज यार, मंकी कॅप नाही. तुम्ही नॉर्वेचे दिसतच नाही, करोल बागचे दिसता." शेवटी टोपी गेली, मफलर राहिला.

मग नरसिंह म्हणाला, "चलो!" आणि मी सुरू झालो. एका फाटक्या रजईतला कापूस जयंत माझ्या तोंडासमोर मुठी भरभरून सोडत होता. तो कापूस बर्फ होऊन उडायचा आणि थेट शांतारामांच्या घामेजल्या मिशीला चिकटायचा. "वारा आहे तो!" असं गर्जायला त्यांनी तोंड उघडलं की बर्फ तोंडात. चंद्रप्रभाताईंनी दोन स्वेटरांवर शाल घेतली होती. दर शॉट संपला की त्या माझ्यापुढे येऊन स्वेटर गळ्याशी ओढून धरायच्या आणि म्हणायच्या, "बाई गं, जीव वाचवलास रे बाबा." मी नट होतो आणि दाईही होतो.

दारावरच्या थापेचा शॉट तर विसरणं शक्य नाही. रुचिता बाहेर जिन्यात उभी राहून दार बडवत होती, "आई, दार उघड! आई!" रडणं अगदी खरं काढलं होतं पोरीने. आत शांताराम शांतपणे सांगत होते, वारा आहे. इतक्यात खालच्या मजल्यावरचे बंगाली बाबू लुंगी सावरत वर आले आणि रुचिताला बाजूला करून त्यांनीच दारावर अशी लाथ हाणली की कडी तुटली. "शर्म नहीं आती? बच्ची बाहर रो रही है और आप अंदर..." पुढचे शब्द त्यांच्या तोंडातच राहिले. समोर मफलर गुंडाळलेले शांताराम, कापसाने माखलेला जयंत आणि दोन स्वेटरांतल्या चंद्रप्रभाताई. बिचारे तिथेच बसले. त्यांना पन्हं दिलं, मला त्यांच्याकडे वळवायला स्टँड हलत नव्हता म्हणून त्यांनाच माझ्याकडे वळवलं. मग रोज शूटिंगला सगळ्यात आधी हजर कोण, तर बंगाली बाबू.

शूटिंग संपलं. कॅसेट पाहायला सगळे आमच्या बैठकीत जमले. चादर काढून खडकाचा पुन्हा टीव्ही केला. माझं तोंड टीव्हीसमोरच होतं, त्यामुळे माझा पहिला सिनेमा मी पहिल्या रांगेत बसून पाहिला.

चित्र सुरेख होतं. नरसिंह खोटं बोलला नव्हता. कापूस हुबेहूब बर्फ, शेकोटी हुबेहूब शेकोटी. पण आवाज! घूंऽऽऽ. मी आणि फक्त मी. शांताराम तोंड उघडत होते, चंद्रप्रभाताई हात उडवत होत्या, आणि त्यांचे शब्द माझ्या घरघरीत कुठल्या कुठे बुडाले होते. एक आवाज तेवढा स्वच्छ ऐकू येत होता. कॅमेऱ्याच्या माईकला अगदी खेटून बसलेल्या प्रॉम्प्टरचा.

पडद्यावर शांतारामांचे ओठ हलायच्या आधी अलकनंदाचा आवाज यायचा, "वारा आहे तो, तू विणकाम कर." मग शांताराम ओठ हलवायचे. सगळे खो खो हसत सुटले. जयंत तर सतरंजीवर लोळला. चंद्रप्रभाताई म्हणाल्या, "अगं, आम्ही तर बाहुल्या झालो आणि बाहुल्या बोलवणारी तू!" अलकनंदा लाजेने लाल. "मी हळूच सांगत होते हो," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मग शेवटचा प्रवेश आला. वादळ थांबलंय, मुलगी गेलीय, आई बोलणार. पडद्यावर चंद्रप्रभाताई छाती बडवत होत्या. आणि कानात हा हळू आवाज.

"वारा नव्हता तो. मला ऐकू आलं होतं. पहिल्या हाकेलाच ऐकू आलं होतं. तुम्ही वारा म्हणालात, म्हणून मीही वाराच म्हटलं. इतकी वर्षं तुम्ही जे म्हणालात, तेच मला ऐकू येत होतं."

हसणं थांबलं. जयंत उठून बसला. बंगाली बाबूंना मराठीतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण त्यांनीही चष्मा काढून पुसला. कॅसेट संपून टीव्हीवर मुंग्या आल्या तरी कोणी उठेना.

पहिल्यांदा बोलल्या त्या चंद्रप्रभाताई. "हे काम माझं नाही," त्या म्हणाल्या. "अलके, हे तुझं आहे. आपण पुन्हा करू या."

"अहो पण हिचा आवाज पोचत नाही ना," शांताराम म्हणाले. वाईट मनाने नाही. वर्षानुवर्षं सगळेच म्हणत आले तेच त्यांनी म्हटलं.

"कुठे पोचायचाय तो?" चंद्रप्रभाताई कडाडल्या. "मेरठला? माईक वीतभर अंतरावर आहे! इतकी वर्षं आपण हिला शेवटच्या रांगेच्या नावाखाली विंगेत बसवलं. आता ती रांगच राहिली नाही."

शांताराम बायकोकडे वळले. "तुला करायचंय का? मग तू मला कधी म्हणाली का नाहीस?"

उत्तर दिलं ते रुचिताने. "बाबा, आई म्हणाली होती. मी इथेच होते. कूलर चालू होता."

शांतारामांनी माझ्याकडे पाहिलं. मी घूं करत होतोच.

पुन्हा शूटिंग ठरलं. वेळ थोडा होता, जयंतची परीक्षा तोंडावर आली होती आणि तो शेकोटीच्या विटा रचता रचता नॉर्वेची राजधानी पाठ करत होता. वादळाच्या प्रवेशांतलं बाकीच्यांचं काम तसंच ठेवायचं ठरलं, बोलणं नंतर वरून भरायचं. फक्त आईचं सगळं काम नव्याने. चंद्रप्रभाताईंनी आपले दोन्ही स्वेटर अलकनंदाच्या अंगावर चढवले, शाल सारखी केली आणि स्वतः प्रॉम्प्टरच्या स्टुलावर जाऊन बसल्या. त्यांचं हळू बोलणं जिन्यापर्यंत ऐकू जायचं, पण हौस कोणाला नसते?

शेवटचा प्रवेश आला. नरसिंहने आता कानाला हेडफोन लावला होता. तो म्हणाला, "काका, कूलर घुसतोय आवाजात. वरून गाणं टाकू का?"

"गाणं नाही," शांताराम म्हणाले.

"मग बंद करावा लागंल."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भर दुपार, खिडक्यांवर रजया, अंगावर लोकर, सात माणसं एका खोलीत. मी बंद म्हणजे भट्टी. अलकनंदाच म्हणाली, "राहू दे. चालू असू दे. तुम्हाला उकडतं." तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं की ती आता माघार घेणार. चहा घेणार का, असं विचारणार आणि स्वेटर काढून ठेवणार. मी स्वतः बंद होऊ शकत असतो तर तेव्हाच झालो असतो, पण माझी कळ माझ्या हातात नाही.

शांताराम उठले. मफलरसकट, कोटासकट माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझी कळ फिरवली. पंखा फिरत फिरत थांबला. टाकीत शेवटचे थेंब पडले. मग घरात असं शांत झालं की कोपऱ्यातल्या घड्याळाची टिकटिक मला पहिल्यांदाच ऐकू आली.

"बोल," शांताराम म्हणाले. "मला ऐकू येतंय."

आणि ती बोलली. मित्रांनो, किती हळू बोलली म्हणून सांगू! "वारा नव्हता तो. मला ऐकू आलं होतं." कपाळावरून घाम ओघळत होता, पण तो घाम आहे असं कुणालाही वाटलं नाही. शेवटच्या वाक्यापर्यंत ती नवऱ्याकडे बघत राहिली. एरवी माझ्याकडे बघून बोलणाऱ्या या बाईने आता माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि मला त्याचं एवढंसंही वाईट वाटलं नाही.

यानंतर बापाचं एक वाक्य होतं. "अजूनही सांगतो, वाराच होता," असं म्हणून तो पाठ फिरवतो आणि नाटक संपतं. शांतारामांनी तोंड उघडलं. वाक्य येईना. ते प्रॉम्प्टरकडे पाहायला लागले. पण प्रॉम्प्टरच्या जागी चंद्रप्रभाताई पदराचा बोळा तोंडात कोंबून रडत होत्या. शांताराम तसेच उभे राहिले, बायकोकडे बघत, ओठ हलवत, आणि हळूहळू त्यांची मान खाली गेली. नरसिंहने कॅमेरा थांबवला नाही. देव त्याचं भलं करो.

"कट" म्हणायचं कोणाला सुचलंच नाही. बंगाली बाबूंनी टाळ्या वाजवल्या तेव्हा सगळे भानावर आले आणि मग एकच ओरडा झाला, "कूलर! कूलर लावा रे!" मी सुरू झालो तो काय जोरात! उरलासुरला सगळा कापूस उडवला मी. अलकनंदाच्या अंगावर, शांतारामांच्या मिशीवर, सगळीकडे बर्फच बर्फ, आणि स्वेटर फेकत सगळे हसतायत.

नोएडाच्या त्या कंपनीचं म्हणाल तर ती स्पर्धा झालीच नाही. चॅनेल सुरू व्हायच्या आधीच बंद पडलं. त्या काळात असं रोज व्हायचं. कॅसेट दाखवली ती गणेशोत्सवात, मंडळाच्या मांडवात, भाड्याच्या मोठ्या टीव्हीवर. मला हवेसाठी उचलून मांडवात नेलं होतं आणि शेवटच्या प्रवेशाला शांतारामांनी येऊन मला तिथेही बंद केलं. नंतर शेवटच्या रांगेतल्या एक आजी काठी टेकत टेकत पुढे आल्या आणि त्यांनी अलकनंदाचा गाल कुरवाळून विचारलं, "इतकी वर्षं कुठे होतीस गं?" चंद्रप्रभाताई मागून ओरडल्या, "विंगेत!"

त्या मांडवात नोएडातल्या एका स्टुडिओतले गृहस्थ होते. प्राण्यांच्या, पक्ष्यांच्या फिल्म ते मराठीत करून घ्यायचे. पुढे कितीतरी वर्षं अलकनंदा तिकडे जाऊन वाघ, हत्ती आणि पेंग्विन यांच्या गोष्टी सांगत होती. पेंग्विनच्या वेळी तिला थंडीचा अनुभव होताच.

मग नोएडाचे ते खांब खरंच फ्लॅट झाले. आम्ही तिकडे गेलो. तिथे भिंतीवर एसी लागला आणि मी बाल्कनीत गेलो. खोटं कशाला बोलू, ते दिवस बरे नव्हते. माझ्या टाकीत कांदे ठेवले, डोक्यावर तुळशीची कुंडी. गवत वाळून भुसा झालं, एका चिमणीने तर पंख्यातच संसार थाटला. भंगारवाला दोनदा येऊन मला टिचक्या मारून गेला. दोन्ही वेळा अलकनंदा दारात आडवी उभी राहिली. "याने सिनेमात काम केलंय," असं तिने त्याला सांगितलं. तो तिच्याकडे कसा बघत गेला ते तुम्ही पाहायला हवं होतं.

यंदा मे महिन्यात एसी बंद पडला आणि दुरुस्तीवाला आठवडाभर येईना. तेव्हा शांतारामांनी मला आत आणलं. आता त्यांचे केस पांढरे झालेत आणि कानाला मशीन आहे. त्यांनी स्वतः माझी टाकी घासली, तेल घातलं, नवीन वाळा आणून जाळीत भरला. रुचिता मुलीला घेऊन आली होती. तिच्या मुलीने माझ्या जाळीला तोंड लावून 'आऽऽऽ' केलं. मी काय फिरलो म्हणता!

दुपारी बाहेर लू होती. सगळे माझ्यासमोर बसले होते. अलकनंदा भाजी निवडता निवडता हळूच काहीतरी म्हणाली. काय, ते मीही ऐकलं नाही. शांतारामांनी 'काय म्हणालीस' असं विचारलं नाही. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझी कळ फिरवली. मग तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "हं. बोल."

तर मित्रांनो, आमच्यासारख्यांची काळजी घ्या. उन्हाळा संपला की टाकी कोरडी करा, गवत दरवर्षी बदला, कांदे दुसरीकडे ठेवा. आणि तुमच्या घरात एखादा हळू आवाज असेलच, आईचा म्हणा, आजीचा म्हणा, धाकट्या भावाचा म्हणा. तो बोलायला लागला की उठा आणि आम्हाला बंद करा. आमचा मान जातो की काय, अशी शंकासुद्धा मनात आणू नका. मी नॉर्वेचं वादळ झालेला कूलर आहे, पण लोक आजही आठवण काढतात ती मी बंद असतानाच्या प्रवेशाची. आता थांबतो. अलकनंदाचं बोलणं अजून चाललंय आणि मला ते ऐकायचंय.